'आहे' आणि 'होवो': आजच्या काळातल्या ज्यू प्रार्थनांविषयी



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. ज्यू समाजाने सार्वजनिक जीवनाबद्दल ज्या प्रार्थना लिहिल्या, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. म्हणजे देशासाठी, सरकारसाठी, साथीच्या काळात, गोळीबारानंतर, युद्धात म्हणायच्या प्रार्थना. अशा प्रार्थना जुन्या आहेतच, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांचं पीक फार वाढलं आहे. मी ज्यू नाही. हिब्रू मला अडखळतच वाचता येते. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे समोरचं वाक्य नेमकं काय करतं आहे हे विचारायची खोड लागली आहे. त्याच खोडीने या प्रार्थनांकडे बघू.

सुरुवात मिश्नापासून करतो. मिश्ना म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली ज्यू धर्मशास्त्राची संहिता. तिचा पहिलाच ग्रंथ प्रार्थना आणि आशीर्वचनांबद्दल आहे. त्यात एक उदाहरण येतं. माणूस प्रवासाहून परत येतो आहे. गावाजवळ पोचतो, तर आतून आक्रोश ऐकू येतो. तो म्हणतो, देवा, हे माझ्या घरचं नसू दे. मिश्ना म्हणते, ही प्रार्थना व्यर्थ आहे. का? तर जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. भूतकाळ बदलण्याची मागणी देवाकडेसुद्धा करायची नाही.

तर्काच्या दृष्टीने हे ठीकच आहे. पण त्या माणसाच्या मागणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आक्रोश तर चालू आहे. तो माझ्या घरचा नसेल, तर शेजाऱ्याच्या घरचा असणार. मिश्ना हे बोलून दाखवत नाही, मला मात्र ते वाक्य प्रत्येक वेळी तसंच ऐकू येतं. आज गावाच्या वेशीची जागा मोबाइलने घेतली आहे. रोज सकाळी कुठला ना कुठला आक्रोश हातात येतो, आणि तो आपल्या घरचा नाही हे कळल्यावर आपण चहा प्यायला बसतो. संकटात प्रार्थना लिहायला बसलेल्या माणसापुढची अडचण ही आहे. घडून गेलेलं मागे घ्या म्हणता येत नाही. मग मागायचं काय?

मिश्नातच दुष्काळाच्या उपवासाचा विधी दिला आहे. तोरा ठेवलेली पेटी सिनेगॉगमधून बाहेर काढून गावाच्या चौकात आणतात. पेटीवर राख टाकतात, गावच्या प्रमुखाच्या आणि न्यायसभेच्या वरिष्ठाच्या डोक्यावर राख टाकतात, मग बाकीचे आपापल्या डोक्यावर घेतात. आणि सगळ्यात वयोवृद्ध माणूस बोलायला उभा राहतो. तो योना संदेष्ट्याच्या कथेतल्या निनवे शहराची आठवण देतो. देवाने त्या लोकांचं गोणपाट आणि उपास पाहिले असं तिथे लिहिलेलं नाही, त्यांची कृत्यं पाहिली असं लिहिलं आहे, हे तो सांगतो. म्हणजे उपासाच्या विधीतच उपासावरची टीका बसवलेली! आणि साथ कशाला म्हणायचं याचं मापही तिथे आहे. पाचशे पायदळ उभं करू शकणाऱ्या गावात लागोपाठ तीन दिवसांत तीन मृत्यू झाले, तर ती साथ. कमी असतील तर नाही. आरोग्य खात्याने हेवा करावा इतकी नेमकी व्याख्या, आणि तीही प्रार्थनेच्या ग्रंथात. प्रार्थना करायची तर आधी मोजा, असं ही माणसं म्हणत होती.

हे दोन संदर्भ हाताशी ठेवून सरकारसाठीच्या प्रार्थनेकडे येतो.

बाबेलला पकडून नेलेल्या ज्यूंना यिर्मयाने पत्र लिहिलं, की ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराचं भलं मागा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. पुढे रब्बी हनिना यांनी कारण दिलं. राज्याची भीती नसती तर माणसांनी एकमेकांना जिवंत गिळलं असतं. तालमूद त्यावर माशांची उपमा देतं, समुद्रात मोठा मासा लहानाला गिळतो तसं. आपल्या राजनीतीच्या ग्रंथांत याला मत्स्यन्याय म्हणतात. दोन परंपरा एकमेकींना न विचारता एकाच माशापाशी पोचल्या, याची मला गंमत वाटते.

यातून जी प्रार्थना रूढ झाली ती 'हानोतेन तेशुआ'. राजांना जय देणारा, दावीदाला तलवारीपासून सोडवणारा देव आमच्या राजाला आशीर्वाद देवो, आणि त्याच्या मनात आमच्याबद्दल दया उपजवो, असा तिचा आशय. मनश्शे बेन इस्राएल यांनी १६५५ मध्ये क्रॉमवेलपुढे ज्यूंना इंग्लंडमध्ये परत येऊ देण्याची बाजू मांडली, तेव्हा ज्यू किती राजनिष्ठ असतात याचा पुरावा म्हणून हीच प्रार्थना छापली. आता यातली मेख बघा. पहिली ओळ घेतली आहे १४४ व्या स्तोत्रातून. त्या स्तोत्रात लगेच पुढे काय मागितलं आहे? परक्यांच्या, खोटं बोलणाऱ्यांच्या हातून सुटका. राजाला पहिली ओळ ऐकू जाणार, स्तोत्र पाठ असलेल्या ज्यूला पुढची आठवणार. हे मुद्दाम केलं की आपसूक झालं यावर वाद आहे. मला ते मुद्दाम असावं असं वाटतं, कारण दुबळ्याच्या प्रार्थनेला दोन कान लागतात.

या प्रार्थनेत 'आम्ही' कुठे आहोत? आम्ही राजाच्या दयेचा विषय आहोत. राजा कर्ता, आम्ही कर्म. इंग्लंडच्या सिनेगॉगांत राजाराणीचं नाव घेऊन प्रार्थना होते. सत्तर वर्षं एलिझाबेथ राणीचं नाव घेतलं, ८ सप्टेंबर २०२२ ला ती गेली आणि लगोलग चार्ल्स राजाचं नाव आलं. तिथे ते शोभतं. पण प्रजासत्ताकात? अमेरिकेतल्या पुष्कळ सनातनी सिनेगॉगांत हीच राजाची प्रार्थना राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष अशी पदं घालून म्हणतात. मतदार स्वतःच निवडलेल्या माणसाकडून दया मागतो आहे!

ही विसंगती एका मोठ्या विद्वानाच्या लक्षात आली. लुई गिन्झबर्ग हे न्यूयॉर्कच्या ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीत तालमूद शिकवत, ज्यू दंतकथांचा त्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध आहे. १९२७ साली त्यांनी 'आपल्या देशासाठी प्रार्थना' लिहिली. त्यात राजा गेला, देश आला. आमच्यावर दया करा हे गेलं, आणि राज्यकर्त्यांना न्यायाने राज्य करण्याची समज मिळो हे आलं. वेगवेगळ्या वंशांच्या आणि धर्मांच्या लोकांमधला द्वेष जावो आणि त्यांचं बंधुत्व होवो हेही आलं. गिन्झबर्ग स्वतः लिथुआनियात जन्मलेले. झारच्या राज्यात जन्मलेल्या माणसाने नागरिकाची प्रार्थना लिहिली, हे लक्षात घ्या. एकोणीसशे वीसच्या दशकात अमेरिकेने परदेशी लोकांसाठी दारं लावून घ्यायला सुरुवात केली होती. अशा वेळी ही मागणी नुसती गोडगोड राहत नाही, ती कायद्याच्या तोंडावर केलेली मागणी ठरते. माझ्या मते विसाव्या शतकातली ही सर्वात चांगली नागरी प्रार्थना आहे. तिच्यात एकही बातमी नाही, आणि म्हणूनच ती शिळी झाली नाही.

बातमी नाही, हा मुद्दा थोडा उलगडतो. कांटने १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथात प्रार्थनेवर आक्षेप घेतला, की ज्याला कुणी काही सांगायची गरज नाही त्याच्यापुढे आपली इच्छा सांगणं हा भ्रम आहे. कांटचं सगळं मान्य करायची गरज नाही, पण आजच्या कितीतरी संकटकालीन प्रार्थना नेमक्या त्या आक्षेपाला बळी पडतात. पहिल्या दोन परिच्छेदांत देवाला घटना सांगायची. कुठे, काय, किती. मग कोण चुकलं ते सांगायचं. मग शेवटी शांततेची एक ओळ. हा अग्रलेख झाला, फक्त संपादकाऐवजी देवाला उद्देशून. अग्रलेख लिहायला काहीच हरकत नाही, पण तो म्हणताना म्हणणाऱ्याचं काय पणाला लागतं? तो आधीच बरोबर बाजूला उभा असतो.

इस्राएलच्या राष्ट्रासाठीच्या प्रार्थनेत हाच प्रश्न एका क्रियापदावर येऊन ठेपला. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये, राज्य स्थापन होऊन चारच महिने झाले असताना, ही प्रार्थना प्रसिद्ध झाली. प्रमुख रब्बी यित्झाक हर्झोग यांची ती रचना, आणि पुढे नोबेल मिळालेले कादंबरीकार आग्नॉन यांचाही तिला हात लागलेला. त्यात या राज्याला 'आमच्या मुक्तीचा पहिला अंकुर' असं म्हटलं आहे. मागणी नाही, विधान आहे. अंकुर आहे. आता ज्याला हे राज्य म्हणजे मसीहाच्या काळाची सुरुवात वाटत नाही, त्याने काय करायचं? काही सिनेगॉगांनी एकच हिब्रू शब्द वाढवला, आणि अर्थ झाला, अंकुर ठरो. मराठीत सांगायचं तर 'आहे' चं 'होवो' केलं. एवढ्याशा बदलाने ते वाक्य पुन्हा प्रार्थना झालं. राज्य पवित्र आहे असं म्हणणारा राज्याला जाब विचारू शकत नाही. ते तसं ठरो, असं म्हणणाऱ्याला रोज बघावं लागतं, ठरतंय का.

आणि विधान करणाऱ्यांची फसगतही झाली. २००५ मध्ये इस्राएल सरकारने गाझातल्या ज्यू वसाहती उठवल्या, तेव्हा धार्मिक राष्ट्रवादी मंडळींपैकी काहींनी ही प्रार्थना म्हणणं थांबवलं, काहींनी नेत्यांना आशीर्वाद देणारा भाग बदलला. ज्याला अंकुर म्हटलं त्याचंच सरकार आपल्याविरुद्ध गेलं की प्रार्थना घशात अडकते. अमेरिकेत २०१७ च्या जानेवारीनंतर हीच अडचण दुसऱ्या टोकाच्या लोकांना आली. राष्ट्राध्यक्षांसाठी आशीर्वाद मागायचा की नाही यावर तिथल्या उदारमतवादी सिनेगॉगांत बरेच वाद झाले, नवे मसुदे लिहिले गेले. त्यातल्या पुष्कळांत त्या माणसाला टोमणे होते. शेजारच्या बाकावर त्यालाच मत दिलेला माणूस बसला आहे, याचं भान कमी होतं.

इथे तालमूदमधली बेरुरियाची गोष्ट सांगावीशी वाटते. रब्बी मेईर यांच्या आळीत गुंड होते, फार त्रास द्यायचे. रब्बींनी त्यांच्या मरणाची प्रार्थना केली. त्यांची बायको बेरुरिया, ती स्वतः विदुषी. ती म्हणाली, स्तोत्रात पापं नाहीशी होवोत असं वाचा, पापी नाहीसे होवोत असं नको. त्यांनी प्रार्थना बदलली आणि गुंड सुधारले. पसायदान पाठ असलेल्या तुम्हाला हे वेगळं समजावून द्यायला नकोच. ज्ञानदेवांनीही दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच मागितलं.

आता उलट बाजू. येशायाहू लायबोवित्झ हे जेरुसलेमचे विचारवंत, १९९४ साली वारले. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, तत्त्वज्ञान सगळ्यात गती, आणि कट्टर धर्मनिष्ठ. त्यांचं म्हणणं असं की प्रार्थना हे कर्तव्य आहे, भावना व्यक्त करण्याचं साधन नव्हे. लग्नाच्या मांडवातला नवरदेव आणि आपल्या माणसाला पुरून आलेला माणूस, दोघांनी तेच शब्द म्हणायचे. तुमचं आज काय झालं याच्याशी प्रार्थनेचा संबंध नाही. हे लायबोवित्झ राजकारणापासून दूर राहणारे होते का? मुळीच नाही. १९६७ नंतर पॅलेस्टिनी प्रदेशांवरच्या ताब्याला त्यांच्याइतका कडवा विरोध फार थोड्यांनी केला. पण तो त्यांनी सभांमध्ये केला, लेखांत केला. प्रार्थनेत नाही.

या मताचं वजन मला जाणवतं, आणि ते आपल्याच कोकणातल्या एका समाजाकडे बघून जास्त जाणवतं. बेने इस्राएल म्हणजे रायगड, अलिबाग परिसरातले मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की किनाऱ्यावर आलेल्या पूर्वजांची पुस्तकं गेली, विधी विसरले, पण 'श्मा' ही एक प्रार्थना मुखात राहिली. पुढे १७९६ मध्ये शमुवेल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हागादा मराठी भाषांतरासह छापली गेली. विसरलेलं सगळं त्यांनी पुन्हा मिळवलं, पण मधली शतकं एका ठरलेल्या वाक्यावर काढली. प्रसंगाप्रमाणे बदलणारी प्रार्थना इतकी टिकली असती असं मला वाटत नाही.

तरी मी लायबोवित्झ यांच्याशी पूर्ण सहमत नाही, आणि कारण तो चौकातला राखेचा विधी. संकट आलं की पेटी बाहेर काढायची, हे परंपरेनेच सांगितलेलं आहे. फक्त ती कशी काढायची, हा प्रश्न आहे.

करोनाचंच बघा. कद्दीशसारख्या प्रार्थनेला दहा माणसं एकत्र लागतात. २०२० च्या मार्चमध्ये दहा माणसं जमणंच धोक्याचं झालं. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने आणीबाणी म्हणून पडद्यावर जमलेली दहा माणसं चालतील अशी मुभा दिली. सनातन्यांनी ती मानली नाही. त्या काळात डॉक्टर, परिचारिका, दुकानदार यांच्यासाठी नव्या प्रार्थनांचा महापूर आला. त्यातलं फारसं काही लक्षात राहण्यासारखं मला सापडलं नाही. लक्षात राहिला तो लसीच्या वेळचा एक अगदी कोरडा, शास्त्रार्थाचा प्रश्न. लस घेताना कुठलं जुनं आशीर्वचन म्हणायचं? एक आहे ते स्वतःला नवं काही मिळालं की म्हणतात. दुसरं, देव चांगला आणि चांगलं करणारा, हे लाभात दुसराही वाटेकरी असेल तेव्हा म्हणतात. आता लस माझ्या दंडात टोचली, लाभ कुणाचा? माझा एकट्याचा, की शेजाऱ्याचाही? अनेक रब्बींनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. सार्वजनिक आरोग्याचा सगळा विचार दोन जुन्या वाक्यांतल्या निवडीत आला. नवा एक शब्द लिहावा लागला नाही.

गोळीबारांचं दुखणं वेगळं. अमेरिकेत प्रत्येक हत्याकांडानंतर पुढारी 'आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत' म्हणतात आणि कायदा जागचा हलत नाही. त्यामुळे प्रार्थना हा शब्दच तिथे बदनाम झाला. २७ ऑक्टोबर २०१८ ला, शनिवारी सकाळी, पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये अकरा जणांना मारलं. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण गेले होते. अशा वेळी जे टिकतं ते नावं घेऊन म्हटलेलं मृतांचं स्तवन. त्यात स्पष्टीकरण नसतं. आणि त्यानंतर जी मागणी यायची, ती 'आमच्या घरी नको' अशी असेल तर मिश्नाने तिला आधीच बाद केलेलं आहे.

सगळ्यात कठीण उदाहरणाकडे आता येतो. १४ मे २०१८ ला गाझाच्या सीमेवर सुमारे साठ पॅलेस्टिनी मारले गेले. दोन दिवसांनी लंडनमध्ये, पार्लमेंट स्क्वेअरला, काही तरुण ज्यूंनी त्यांच्यासाठी उघड्यावर कद्दीश म्हटलं. मृतांत बरेच जण हमासचे होते, असं हमासनेच सांगितलं. ब्रिटनच्या ज्यू समाजात गहजब झाला. तरुणांवर शिव्यांचा वर्षाव झाला. कद्दीशचा मजकूर पाहिला तर त्यात मृत्यूचा उल्लेखच नाही. ती अरामी भाषेतली देवाची स्तुती आहे. मग राग कशाचा आला? कद्दीश आपण आपल्या माणसांसाठी म्हणतो, याचा. ते म्हटलं की मेलेला माणूस 'आपला' होतो. त्या तरुणांनी भाषण केलं असतं, फलक धरले असते, तर चार दिवसांत विसरलं गेलं असतं. जाहीर चौकात, कॅमेऱ्यांसमोर केलेल्या कद्दीशमध्ये प्रदर्शनाचा भाग होता, हे टीकाकारांचं म्हणणं मी सोडून देत नाही. पण राखेचा विधीही चौकातलाच होता.

७ ऑक्टोबर २०२३ नंतर हा प्रश्न प्रत्येक सिनेगॉगमध्ये शिरला. सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. बंदिवानांसाठीची जुनी प्रार्थना पुन्हा जगभर सुरू झाली, नावं घेऊन. ज्यू रिवाजात आजाऱ्याच्या आणि बंदिवानाच्या प्रार्थनेत आईचं नाव लावतात, अमक्या आईचा अमका. शेवटचे जिवंत ओलीस २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सुटले, तोवर आठवड्यामागून आठवडे ही नावं वाचली गेली. ही प्रार्थना मिश्नाच्या कसोटीला पूर्ण उतरते, कारण मागणी अजून होऊ शकणाऱ्या गोष्टीची होती. त्याच काळात गाझातल्या मृतांचा आकडा हजारोंनी वाढत होता. त्यांचा उल्लेख प्रार्थनेत करायचा का? कुठे एक ओळ घातली म्हणून लोक उठून गेले, कुठे घातली नाही म्हणून गेले. मला विचाराल तर, मरणाऱ्या मुलांना प्रार्थनेत जागा नसेल तर ती वेशीवरच्या त्या प्रवाशाची प्रार्थना आहे. पण ती एक ओळ तोल साधायला, टीका टाळायला घातलेली असेल, तर ती प्रवक्त्याचं निवेदन आहे. म्हणणाऱ्याला ऐकतानाच फरक कळतो.

इस्राएलमध्येच एक प्रार्थना आहे, शेखा इब्तिसाम महामीद आणि रब्बी तामार एलाद-अपेलबाउम यांची, एक मुसलमान, एक ज्यू. हिब्रूत आणि अरबीत. आयांची प्रार्थना. आम्हाला जगण्यासाठी निर्माण केलंस, एकमेकांना मारण्यासाठी नाही, असा तिचा आशय. ती ऐकताना गळा दाटतो, हे कबूल. पण आई या शब्दापाशी सगळेच विरघळतात, सेनापतीसुद्धा. सरकार, सैन्य, सीमा यांतलं काही तिच्यात येत नाही. निनवेच्या राजालाही सिंहासनावरून उतरावं लागलं होतं. तरी दोन भाषांतलं तिचं 'आम्ही' खोटं नाही, कारण ते म्हणायला समोर दुसरी बाई उभी असावी लागते.

वेळ होत आली. चिठ्ठ्या आल्या आहेत, पहिलीच घेतो. विचारलं आहे, 'ज्यू प्रार्थनेत दुष्टांना शाप द्यायची सोयच नाही का?' आहे ना. रोजच्या मुख्य प्रार्थनेला 'अठरा' म्हणतात, पण तिच्यात आशीर्वचनं एकोणीस आहेत. जे वाढलं आहे असं मानतात, ते चुगलखोरांविरुद्ध आहे, त्यांना आशा नसो असं. गेली दोन हजार वर्षं त्याचे शब्द बदलत आले, कधी सेन्सॉरच्या भीतीने, कधी स्वतःहून. अमेरिकन रिफॉर्म पंथाच्या २००७ च्या प्रार्थनापुस्तकात ते माणसांविरुद्ध राहिलं नाही, दुष्टतेविरुद्ध झालं. बेरुरियाचं म्हणणं त्या छापील पुस्तकात आलं. दुसरी चिठ्ठी कुणाची आहे?